मावशीच्या विहिरीतली गारगोटी

कुरवंड्याच्या मावशीच्या विहिरीचं नाव निघालं की मला किळस येते. विहिरीची नव्हे, माझ्या मावसभावाची.

विहिरीतला गाळ काढताना त्याला कडेच्या काळ्या खडकात पांढरी गारगोटी दिसली, वर पिवळसर झाक. झालं! गावातल्या बंगल्यावर सुट्टीला उतरलेल्या कुणा शेठनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, गारगोटीच्या शिरेत सोनं असतं म्हणून. सुरुंग लावून कडा फोडायचं यानं मनात पक्कं केलं आणि मग मला बोलावलं. मी कर्नाटकात सोन्याच्या खाणीत भूवैज्ञानिक होते, म्हणून त्याला माझा होकार तेवढा हवा होता.

मी विहिरीत उतरले, पाहिलं, वर आले. मावशी ओट्यावर बसली होती. तिलाच सांगितलं, "तिकडचा, आमच्या खाणीतला खडक फार म्हातारा गं. जमिनीच्या पोटात खोल असताना तो दाबला गेला, वळला, सरकला. तू ओली गोधडी पिळतेस तसा पिळला. फाटला तिथे फटी पडल्या, त्यांतून खालचं कढत पाणी वर चढलं, त्यात गारगोटी आणि सोनं विरघळलेलं. फटी पुन्हा पुन्हा उघडल्या, पुन्हा पुन्हा भरल्या, तेव्हा कुठे शिरा झाल्या. आपला खडक म्हणजे थरावर थर पसरलेला लाव्हा. त्याला कुणी तसं पिळलं नाही. निवताना घावनासारखी जाळी पडली, मागाहून त्या भोकांत गारगोटी साचली. पिवळं दिसतं तो गंज."

"म्हंजी सोनं न्हाई?"

"गुंजभरही नाही. सुरुंग लावला तर झरा मात्र जाईल."

उन्हाळ्यात मावशीची आणि तिच्या म्हशींची सगळी भिस्त त्या झऱ्यावर. ती लेकाला म्हणाली, "आयकलंस न्हवं? हिरीला हात लावायचा न्हाई."

"व्हय व्हय," तो म्हणाला. काय गुळमुळीत बोलणं ते!

आठवड्याभरानं त्याचाच फोन. "ताई, सुरुंग लावला न् फट घावली! तू सांगितलीस तशीच!" आवाजात नुसता आनंद.

शी! मी तशीच निघाले. अंगणात टोपलीभर गारगोट्या मांडलेल्या, तेल चोळून चमकवलेल्या. डोंगरकड्याच्या पॉइंटवर दरी बघायला येणाऱ्या पर्यटकांना 'सोन्याचा दगड' म्हणून खपवायच्या होत्या. मला बघून म्हणतो कसा, "आजून जरा आत गेलं की खरा माल लागंल." आईची विहीर कोरडी करून वर हे तोंड! त्याच्या हातचा चहासुद्धा मी घेतला नाही.

मावशी काठावर उभी होती. तिनं पोहरा सोडला, तो खाली दगडावर खणखणला. वर आला तो नुसता चिखल घेऊन.

"पोरी," ती म्हणाली, "फटीतनं पानी वर येतं म्हणलीस ना? मग आमचं खाली कसं गं गेलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. तोवर तिनं पोहरा पुन्हा खाली सोडला होता.