निवडुंगाचं दुपटं

अन्याय माझ्या मावशीवर झाला. नातीच्या बारशाच्या दिवशी, पाळणा म्हणून झाल्याबरोबर, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, भरल्या बायकांत झाला. मी तिथं होते. नंतर जो तो म्हणाला, "सोडा, बायकांचं काहीतरी चालायचंच." मी सोडत नाही.

मावशीची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, वडगाव रासाईला आली होती. मुलगी झाली. रक्त थांबेना. गाडी मिळता मिळेना, आणि शिरूरला नेताना ती जीपमध्येच गेली. गावात डॉक्टर का नव्हता, हे कुणी कुणाला विचारलं नाही. दोषी ठरली ती आई. तेरावं झालं आणि सासरच्यांनी लेकरू दौंडला नेलं.

मावशीकडं राहिली लेकीची डोहाळजेवणाची हिरवी साडी. ती तिनं नातीच्या दुपट्यासाठी फाडली. आत आपल्या जुन्या लुगड्याचे थर घातले, आणि वर हिरवे फडे कापून लावले, एकाच्या डोक्यावर एक, फड्या निवडुंगाचे. पिवळं फूल, लाल बोंड, आणि पांढऱ्या दोऱ्यानं बारीक बारीक काटे.

काटे का, ते नीट ऐका. मावशीची माणसं एके काळी मेंढरांमागं माळ तुडवायची. पालावर बाई बाळंत झाली की पालाच्या तोंडाशी निवडुंगाचे फडे ठेवायचे. वाईट वारं आत येऊ नये म्हणून. पुढं विहीर आली, ऊस आला, तरी बाळंतिणीच्या दाराला निवडुंग बांधणं सुटलं नाही. पण नात दौंडला, दार परक्याचं. म्हणून तिनं निवडुंग दुपट्यावरच लावला.

शेजारीण म्हणाली, "आक्का, काटं तेवढं गाळा की."

"बिनकाट्याचा निवडुंग राखंल व्हय? भोपळाच की त्यो!"

त्या दिवसांत मावशी हसली ती तेवढीच.

बारशाला विहीणबाईंनी दुपटं उलगडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, काटं!"

विहीणबाईंचा आवाज चढला. "लेक तुमच्या दारात गेली. आता नातीला काट्यात गुंडाळताय?"

"विहीणबाई, राखणीला लावत्यात निवडुंग. तुमच्याकडं न्हाई लावत?"

"आमच्या दारात नळ हाय. निवडुंग न्हाई."

बायका हसल्या. लेकराचा बाप दाराला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी पुढं झाले तर मावशीनं माझा हात दाबून धरला. "हिरवं हाय ना, ते तिच्या साडीचं हाय," एवढंच ती म्हणाली. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. दुपटं पोटमाळ्यावर, कुलरच्या खोक्यामागं गेलं.

पुढं मावशी संक्रांतीला गेली, उन्हाळ्यात गेली. चहा मिळायचा, पोर मांडीवर मिळायची. दुपट्याचा विषय काढला की विहीणबाई म्हणायच्या, "कुठं ठिवलं, ध्यानात न्हाई बघा." पोर वाढत गेली. दुपटं होतं तेवढंच राहिलं.

शेवटच्या दुखण्यात मावशी मला विचारायची, "एकदा तरी टाकलं का गं तिच्या अंगावर?" मी नाही म्हणायचे. खोटं बोलायला जीभच वळत नव्हती. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

मावशी गेली. पोर आता शाळेत जाते. तिला आईचा लग्नातला फोटो दाखवतात, काचेआडून. हातात घ्यावं, नाकाशी धरावं, असं आईचं काहीच कुणी तिला दिलेलं नाही.

तर वाचणाऱ्यांनो, हळहळ तुमच्यापाशीच ठेवा. गेलेल्या सुनेचं कापड, तिच्या आईनं शिवलेलं काही तुमच्या घरात दडपून ठेवलेलं असेल तर आत्ता उठा. ते बाहेर काढा, तिच्या लेकराच्या हातात द्या, आणि ते कुणाचं, कुणी शिवलं, हे त्याला तुमच्या तोंडानं सांगा.