राठोडची खोली

माझं लग्न एका खोलीवर अडलं होतं, आणि त्या खोलीत राठोड राहत होता.

वणीला आमचं घर. पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर आणि बाजूला दोन खोल्या. त्या दोन्ही खोल्या बाबांनी थावरू राठोडला भाड्यानं दिलेल्या. थावरू मुकुटबनकडच्या तांड्यातला. गावोगावचा कापूस आपल्या बैलगाडीत भरून जिनिंगला आणायचा, जाताना मीठ-गूळ घेऊन जायचा. गाडी-बैल आमच्याच अंगणात. त्याची बायको जमनाबाई माझ्या आईला ‘याडी’ म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. दोघींची भाजी एकमेकींच्या चुलीवरून इतकी फिरायची, की मी कुणाच्या हातचं खातोय हे मला कधीच कळलं नाही.

मुलगी पुसदची. तिला पाहायला गेलो तेव्हा मी घाबरून पोह्यांतली अख्खी मिरची चावली, आणि ती पदराआड हसली. त्या घरी दुसरं कुणी जावई झालेलं मला त्या क्षणापासून चालणार नव्हतं. पण तिच्या वडिलांनी आमचं घर पाहिलं आणि म्हणाले, “पोरगं बरं हाय. पण नव्या सुनेनं झोपावं कुठी, बैठकीत? दिवाळीच्या आत येगळी खोली दाखवा, नाई तं आमाले दुसरं ठिकाण पाहा लागन.”

बाबा लगेच थावरूला सांगायला उठले. बऱ्याच वेळानं परतले.

“सांगतलं?” मी विचारलं.

“त्याच्या बैलाचा खूर दुखून राह्यला. हळद बांधून आलो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या दिवशी तंबाखू खाऊन आले.

मग मी बाबांना ओढून वकिलांकडे नेलं. (मी जिनिंगमध्ये कारकून होतो, म्हणून कायदा आपल्याला कळतो असं मला वाटायचं.) वकील म्हणाले, “मालक असले म्हणून काय झालं? रेंट कंट्रोलरची परवानगी नसेल तर भाडेकरूला साधी नोटीसही देता येत नाही. आधी अर्ज करा. साहेब घर पाहायला येतील. तुम्हाला जागेची खरोखर गरज आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. घरात माणसं किती?”

“मी, बाबा आन् आई.”

“कमी आहेत,” वकील म्हणाले.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. बाबांनी अर्जावर सही केली ती मान खाली घालून, आणि मी घरी येऊन माणसं वाढवायच्या मागे लागलो. आत्याला निरोप गेला, मामाला गेला. आईला खरं कारण सांगितलं नाही, कारण आईला सांगणं म्हणजे जमनाबाईला सांगणं.

आत्या आली ती सुना-नातवंडांसकट. घरी दूध काढायला कुणी नाही म्हणून शेळीही घेऊन आली. मामा पांढरकवड्याहून आले आणि सोबत त्यांचे एक स्नेही, जे आमचे कुणीच नव्हते. दोनच दिवसांत घर असं गच्च भरलं, की मला माझी टोपी शोधायला लोकांना उठवावं लागायचं. मी खूश होतो. आता फक्त साहेब यायचे होते.

साहेब आलेच नाहीत! दौऱ्यावर गेले म्हणे. आज येतील, उद्या येतील, असं करत पाहुणे मुरत गेले. मामांच्या स्नेह्यांनी ओट्यावर धोतर वाळत घालायला कायमची दोरी बांधली. शेळीनं बाबांचा पंचा खाल्ला.

“काहून बोलावलं रे इतक्या लोकाइले?” आई विचारायची.

“मले सगळ्याइची याद येऊन राह्यली होती,” मी म्हणायचो.

शेवटी आईनंच वाट काढली. मी कामावर गेलो असताना तिनं जमनाबाईला म्हटलं, “जमने, पोरंसोरं वट्यावर झोपून राह्यले व. थंडी पडली.”

जमनाबाई म्हणाली, “याडी, मंग आमच्या खोल्या कायले हायेत?”

मी संध्याकाळी येऊन पाहतो तर आत्याचा सगळा गोतावळा राठोडच्या दोन्ही खोल्यांत पसरलेला, आणि राठोड नवराबायको अंगणात गाडीला ताडपत्री बांधून तिच्याखाली. “आमचे आजे बैलाइच्या पाठीवर मीठ लादून फिरत,” थावरू मला म्हणाला. “सारी जिनगी उघड्यावर झोपले. आमाले काई तरास नाई, भाऊ.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजर.

त्यांनी बैठक पाहिली. ती आता ऐसपैस मोकळी होती. मग बाजूच्या खोल्यांत डोकावले. आत्या नातीची वेणी घालत होती.

“भाडेकरू आपणच का?”

“इश्श,” आत्या म्हणाली. “मी तं मालकाची बहीण.”

“मग भाडेकरू कुठं आहेत?”

मी गाडीखाली बोट दाखवलं. तिथं जमनाबाई भाकरी थापत होती, आमच्याही वाटच्या. साहेबांनी एकदा तिकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, “म्हणजे तुम्हाला काढायचंय ते या माणसाला?”

जमनाबाईचा हात तव्यावरच थांबला. आई दारातून म्हणाली, “काढाचं? कोनाले?” आणि मग तिला उमगलं. “काहून रे, जमनीले काढाले बोलावलं का तू ह्या समद्याइले?” आत्याला वेगळाच राग आला. “म्हंजे माही याद आली नोती तुले?”

थावरू मात्र शांत होता. “मले मालूम हाय, साहेब,” तो म्हणाला. “कचेरीचा शिपाई सांगून गेलता. जमनीले बोललो नाई, ते रडली असती. पोराच्या लगनाले खोली पाहिजे, हेबी मालूम हाय.” मग तो बाबांकडं वळला. “काकाजी, याडीनं तोंडानं म्हटलं, तं दोनी खोल्या देल्ल्या. तुमी वकिलाकून मांगली. म्हून मी चूप बसलो.”

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “थावरू, दोनदा आलतो रे सांगाले,” ते म्हणाले. “तुया तोंडाकडं पाहून जीभच उचलत नोती.” बैलाचा खूर का बांधला गेला, ते मला तेव्हा कळलं. त्या अंगणातल्या सगळ्यांवर माझा इतका जीव आहे, हेही तेव्हाच कळलं. कुठं तोंड लपवावं ते सुचेना. अर्ज बाबांनी तिथंच मागं घेतला. साहेब जमनाबाईच्या हातची भाकरी खाऊन गेले.

दिवाळीच्या आत पुसदकरांना खोली दाखवली. थावरूनं आपल्या दोन खोल्यांतली एक आम्हाला दिली. भाडं मात्र दोन्हीचं तोच देणार. बाबांनी हात जोडले, आई रुसली, तरी ऐकेना. “सून माया खोलीत येऊन राह्यली,” म्हणे, “मंग ते माई पाहुणी.”

लग्नानंतर वकील रस्त्यात भेटले. काय काय झालं ते मी सांगायला लागलो, तर अर्ध्यातच त्यांचे डोळे चमकले.

“थांबा, थांबा. मालकाची लेखी परवानगी नसताना त्यानं खोली दुसऱ्याला राहायला दिली? अहो, मग पोटभाडेकरू ठेवला त्यानं! याच्याइतकं पक्कं कारण कायद्यात दुसरं नाही. या मुद्द्यावर दोघांनाही बाहेर काढून देतो. फक्त त्या पोटभाडेकरूचं नाव सांगा.”

मी टोपी नीट केली आणि माझं नाव सांगितलं.