छातीवरचा नकाशा आणि पहिली अंघोळ

लोक युरोपला जाऊन येतात आणि दोनशे पानं लिहितात. मी रोज खराडीहून पुण्यातल्या एका दवाखान्यात जात होते, तेव्हा एक पान माझंही. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं आणि आता किरणोपचार (आमच्या घरात 'शेक') चालू होते. रिक्षा प्रत्येक खड्ड्याची विचारपूस करत जायची.

पहिल्याच दिवशी तंत्रज्ञ बाईंनी छातीवर जांभळ्या रेघा मारल्या. किरण कुठे सोडायचे, त्याचा नकाशा.

"पुसायच्या नाहीत. तेल, साबण, चोळणं बंद. कळलं, की लिहून देऊ?"

बाकावर लोणी काळभोरच्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, "लाल झालं की कोरफड लाव."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यास्नी काय इचारायचं? त्यांचं कुठं भाजलंय?"

यावर मी कॅन्टीनमधला गार उपमा खाल्ला.

तिसऱ्या आठवड्यात कातडी बिटासारखी झाली, काख नुसती पेटली. त्यातच दिवाळी आली. सासूबाईंच्या ज्वारीच्या रानावर आज आमच्या कंपनीचं पार्किंग आहे, पण घरात हुकूम त्यांचाच.

"पहिली अंघोळ चुकवलीस तर नरकात जाशील!"

अमेरिकेतल्या क्लायंटला फोनवर ठणकावून 'नो' सांगणारी मी निमूट पाटावर बसले. त्यांनी मायेने तेल लावलं, उटणं लावलं. वर म्हणाल्या, "हे जांभळं निघंना गं!" आणि आणखी जोर लावला. मी दात आवळून बसून राहिले. याला आमच्याकडे संस्कार म्हणतात.

सुट्टीनंतर दवाखान्यात गेले.

"नकाशा कुठाय?" तंत्रज्ञ बाईंनी विचारलं.

"सण होता."

"मग शेकही घरीच घ्यायचात."

डॉक्टरांनी सोललेली काख पाहिली आणि आठवडाभर उपचार थांबवले. शेकाचे सहाच दिवस उरले होते. या खंडात आजाराने पुन्हा डोकं वर काढलं तर? परतीच्या रिक्षात मी ढसाढसा रडले. भीतीपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता.

दारात सासूबाई हळद-तुपाची वाटी घेऊन उभ्या. "ये, लावते."

"आई, हात लावू नका. उटण्याने कातडी सोललीय. उपचार थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटी खाली ठेवली. "बरं," म्हणाल्या, "तेव्हाच का नाही बोललीस?"

चौदा वर्षं मला वाटत होतं, या बाईला नाही म्हटलं की आभाळ कोसळेल. आभाळ जागेवर होतं. सोललं होतं ते माझंच कातडं.