नारबाचा आवाज आणि पाच चौकोन

मी माझ्या सख्ख्या मावसभावाचं नाव एका जपानी खेळातल्या खलनायकाला दिलं. चूक एवढीच. बाकी जे झालं ते मी केलं की आणखी कुणी, हे मला आजही सांगता येत नाही.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. देवळात मी जायचो ते गार फरशीसाठी. आमचं गाव वेंगुर्ल्यापासून सायकलने पाऊण तासावर. साल सत्याऐंशी असावं. मी पुण्याला राहून जपानी शिकून आलो होतो, जपानला जाणार म्हणून गावभर सांगूनही झालं होतं... आणि मग घरीच बसलो होतो. मुंबईची एक एजन्सी रजिस्टर पोस्टाने कागद पाठवायची. पाण्याचे पंप, शिलाई मशिनं यांची माहितीपत्रकं. मी जपानीतून इंग्रजी करून परत धाडायचो.

एकदा पाकिटातून व्हिडिओ गेम आला. म्हणजे खेळ नव्हे, नुसती त्यातली वाक्यं! खेळ अमेरिकेत विकायचा होता. व्हिडिओ गेम मी जन्मात पाहिला नव्हता. त्यात ती वाक्यं गोष्टीच्या क्रमाने नव्हती, लांबीच्या क्रमाने लावलेली. कोण कुणाला बोलतंय, काही पत्ता नाही. प्रत्येक वाक्यापुढे चौकोन छापलेले, एका चौकोनात एक इंग्रजी अक्षर. चौकोन संपले की बोलणं संपलं. जपानी माणूस आठ अक्षरांत जे बोलून मोकळा होतो त्याला इंग्रजीत वीस लागतात, त्यामुळे मी बोटांवर अक्षरं मोजत, प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत बसायचो. घरात आई काजू भाजायची, धुराने डोळे चुरचुरायचे. म्हणून बैठक रवळनाथाच्या देवळातल्या सभामंडपात.

दोन दिवसांनी गोष्ट थोडी उलगडली. किनाऱ्यावरच्या गावातला एक दांडगा माणूस एका बाईच्या नवऱ्याची होडी बुडवतो. ती बाई देवळात जाऊन देवाला म्हणते, याला शिक्षा कर. त्या दांडग्याचं जपानी नाव हातभर लांब, आणि चौकोन पाच! एजन्सीची चिठ्ठी होती: नावं बसत नसतील तर तुमच्या मनाने दुसरी घाला.

माझ्या मनात त्या वेळी एकच नाव होतं. नारबा. इंग्रजीत बरोब्बर पाच अक्षरं.

का, ते सांगतो. आदल्या वर्षी बांद्याला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा घरचा माणूस म्हणून नारबाला सोबत नेलं. मी चहा पीत होतो आणि हा गृहस्थ मुलीच्या मामाला ओटीवर सांगत होता, "झील बरो आसा. फक्त समुद्राच्या काठार येकटोच कायतरी बडबडत फिरता." मी जपानीचा अभ्यास करत फिरायचो हो! लग्न मोडलं. सहा महिन्यांनी त्याच मुलीशी नारबाने लग्न केलं. लग्नात पंगतीला वाढायला मी होतो.

त्यातून त्याचा आवाज! आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने खणखणीत आवाजात गावाचं मागणं देवापुढे मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो मान नारबाच्या घराकडे. त्याचे वडील तात्या थकल्यापासून नारबाच गाऱ्हाणं घालायचा. आवाज पार बंदरापर्यंत जाई.

खेळातल्या बाईच्या प्रार्थनेला चौकोन भरपूर होते. मूळ जपानी दोन ओळी अगदीच मिळमिळीत वाटल्या मला. मी आमच्या गाऱ्हाण्याच्या थाटात, इंग्रजीत, नवी लिहिली. नारबाची वाचा बंद कर, तो ओरडला तरी कुणाला ऐकू जाऊ नये. मग बसते का बघायला उभा राहून मोठ्याने म्हटली. समोर गाभारा. चांगली तीनदा म्हटली, कारण मजा येत होती. देवाला इंग्रजी कुठून येणार, असा माझा समज. दुसऱ्या दिवशी कागद पोस्टात टाकले.

पुढच्या आठवड्यात देवळात गाव जमला. नारबाने हात जोडले, तोंड उघडलं... आणि काहीच नाही. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ हलताहेत, आवाज शून्य. लोकांना वाटलं घसा बसला. पण घसा बसलेला माणूस खोकला तर ऐकू येतं ना? हा खोकला तेही ऐकू आलं नाही. मग त्याने घाबरून टाळ्या वाजवल्या. मी चार हातांवर उभा होतो. टाळीचासुद्धा आवाज झाला नाही.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, घसा उत्तम म्हणाले. मी योगायोग, योगायोग म्हणत राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मला बरंच वाटत होतं. त्याच्या लग्नात वाढलेल्या जिलब्या आठवत होत्या.

पाचव्या दिवशी नारबा विहिरीत पडला. पंपाचा पाइप बसवताना पाय घसरला. वीस पावलांवर त्याची बायको सुमन कपडे वाळत घालत होती. तासाभराने ती कळशी घेऊन गेली तेव्हा हा कपारीला धरून, ओठ निळे. मी धावत गेलो तर ती पायरीवर बसलेली.

"भावजी, तो सगळो वेळ वरडत होतो. पाटयेर लिवन सांगल्यान माका," ती म्हणाली. "आणि मी थयच होतंय. पुढच्या खेपेक माका उशीर झालो तर?"

 त्याच संध्याकाळी तात्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. तात्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "गाऱ्हाणा चोरयेन घातलंस मा? आता उघड्यार सांग. सगळ्यांच्या म्होरे."

सकाळी सभामंडप भरला. नारबा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेचं वर्णन करत नाही. मी सुरू केलं, "म्हाराजा, जपानात टीव्हीतलो एक सोंगट्यांचो खेळ आसा..."

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने ओरडले.

"त्यातल्या वाईट माणसाक मी नारबाचा नाव दिलंय..."

इथे मात्र कुणी काही म्हणेना. मागून एक जण "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणाला, तेवढंच.

मग थकलेले तात्या स्वतः उठले. "बा रवळनाथा म्हाराजा! ह्या लेकरान परक्या भाशेत आपल्याच माणसाचा वाईट चिंतला, ता तो आज कबूल करता."

"व्हय म्हाराजा!"

"ज्या इद्येन तेना ह्या केल्यान, ती इद्या तुझ्या पायार ठेवली. ती तू घे, आणि माझ्या झिलाचो आवाज माघारी दी!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो. लहानपणापासूनची सवय... तात्या नेमकं काय देऊन बसले, हे ऐकलंच नव्हतं मी.

नारबा खोकला. सगळ्यांनी ऐकलं. मग तो सहा दिवसांचं साचलेलं असावं तसं माझ्या सात पिढ्यांबद्दल बोलला. आवाज बंदरापर्यंत गेला असणार. सुमन पदराने डोळे पुसत हसत होती.

पुढच्या महिन्यात एजन्सीचं पाकीट आलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, जपानमध्ये खेळ तपासताना देवळाच्या प्रसंगात खलनायकाच्या नावाचे पाचही चौकोन रिकामे दिसतात, दुसरं नाव कळवा. खेळातली उरलेली वाक्यंही सोबत होती. मी कागद उलगडला. अक्षरं स्वच्छ छापलेली. मला एकही वाचता येईना. शब्दकोश काढला, समासात माझ्याच हाताने लिहिलेल्या टिपा होत्या. त्यातला मराठी भाग कळत होता, जपानी म्हणजे कागदावर मुंग्या. पाच वर्षांची विद्या, एका "व्हय म्हाराजा"त. पाकीट तसंच परत केलं. नंतर आयुष्यभर आंब्याच्या कलमांच्या बागेत नोकरी केली, ती भाषा पुन्हा कधी आली नाही. डॉक्टरांना विचारलं, पुण्याच्या मास्तरांना पत्र घातलं. खुलासा कुणाकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच.

परवा नारबाच्या ओटीवर त्याच्या नव्या जावयाला हे सगळं रंगवून सांगत होतो. शेवटी म्हटलं, "बघा, देवाने माझं जपानी काढून घेतलं!"

सुमन आतून फणसाचे गरे घेऊन आली. ताट माझ्यापुढे ठेवत म्हणाली,

"भावजी, तुमका जपानी आदी तरी येय होता, ह्येका पुरावो काय?"