गिझरचा फ्यूज

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. दिवाळीच्या आधी रजा टाकायचे आणि गंगापूर रोडच्या बंगल्यांवर रोषणाई करून द्यायचे. नव्वदच्या दशकातल्या त्या माळा म्हणजे बारीक वायर आणि बोराएवढे दिवे. एक गेला की अख्खी माळ बंद. घरी बसून मी दिवे तपासायची, गेलेले बदलायची. मग यांच्याबरोबर जाऊन शिडी धरायची. नऊवारी नाही, तरी पाचवारी खोचून बाई शिडी धरते म्हणून लोक बघायचे. बघोत.

ह्यांची एक शिस्त होती. काम सुरू करण्याआधी घरातल्या बोर्डावरून बाहेरच्या लाइनचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. घरमालकाला तसं सांगायचं. सांगितल्याशिवाय हे शिडीला हात लावत नसत.

त्या वर्षी धनत्रयोदशीला आम्ही एका वकिलांच्या बंगल्यावर होतो. तिथलं आमचं तिसरं वर्ष. फ्यूज काढताना वकीलसाहेब शेजारीच उभे होते. हे म्हणाले, "साहेब, लाइन बंद केलीय. काम झालं की मीच चालू करेन."

"बरं बरं," साहेब म्हणाले.

दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्याकडे कोणी पाहुणे आले. हे शिडीवर, पोर्चच्या स्लॅबजवळ, दोन वायरींची उघडी टोकं हातात धरून पिळत होते. मी खाली शिडी धरून. आणि एकदम सगळ्या माळा पेटल्या. ह्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. शिडी माझ्या हातातून हिसकावली गेली आणि हे कुंड्यांच्या रांगेवर पडले. उजवं मनगट अंगाखाली.

मी हाका मारत होते, ह्यांचे डोळे उघडे होते, आणि वर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते. फ्यूज तर ह्यांच्या खिशात होता. मी चाचपून पाहिला, होता.

वकीलसाहेब बाहेर आले. म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही फ्यूज लावायला विसरलात. पाहुण्यांना जरा दाखवत होतो."

त्यांनी गिझरचा फ्यूज काढून आमच्या लाइनला बसवला होता. हे सगळं त्यांनी सहज सांगितलं, जणू पंखा लावला. मग रिक्षा थांबवायला माणूस पाठवला आणि मला विचारलं, "उरलेलं काम पूर्ण करायला दुसरं कोणी आहे का तुमच्याकडे?"

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. हे म्हणाले, "जाऊ दे. मोठी माणसं आहेत, चार घरं त्यांच्यामुळे मिळतात."

"माळा आपल्या आहेत," मी म्हटलं. "मी काढून आणणार."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी एकटी गेले. आधी मेन बंद केला, मग आयुष्यात पहिल्यांदा शिडी चढले. राग इतका होता की भीतीला जागाच उरली नव्हती. साहेब व्हरांड्यात आले.

"बाई, आज लक्ष्मीपूजन. घर अंधारात ठेवणार का आमचं?"

"पणत्या लावा, साहेब."

"ठरलेलं काम असं मोडता येत नाही."

"माणूस मोडलाय," मी म्हटलं, आणि पुढची गाठ सोडली.

ते आत गेले. थोड्या वेळाने त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना सांगत होते, फ्यूज नका लावू. त्यांनी ऐकलं नाही."

"ताई, तेव्हा बाहेर येऊन मला एक हाक मारली असती तर?"

पाणी मी प्यायले नाही. आजही मला कळत नाही की राग कोणावर जास्त होता, त्या माणसावर की तिच्या हळू आवाजावर.

साहेबांनी कॉलनीत सांगितलं की आम्ही ऐन सणात काम टाकून पळालो. पुढच्या वर्षी निम्म्या घरांनी नको म्हटलं. ह्यांचं मनगट पुन्हा पूर्ण वळलंच नाही. स्क्रू पिळायला लागले की चेहरा पांढरा पडायचा. मग शिडीवर मी चढू लागले आणि खाली हे उभे राहू लागले. सात-आठ दिवाळ्या तशा गेल्या.

दोन हजारनंतर कधीतरी कॉलेज रोडवर वकीलसाहेब भेटले. ओळखलं त्यांनी. "तुमचे मिस्टर पडले होते ना मागे? आता बरे आहेत?"

पडले होते. जणू ह्यांचाच पाय घसरला. मी म्हटलं, "पडले नव्हते, साहेब. तुम्ही लाइन चालू केली होती."

ते हसले. "अहो, किती जुनी गोष्ट."

"ह्यांना रोज शर्टाची बटणं मी लावून देते. आज सकाळीही लावली."

तेव्हा त्यांचं हसू गेलं. घड्याळाकडे बघत ते गाडीत बसले. मी भाजीची पिशवी उचलली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. घरी जाईपर्यंत रागाने अंग तापलेलंच होतं.