मोसंबीच्या मुलखात समुद्र

मी जालन्याला निघाले तेव्हा सगळा विभाग हसला. मुंबईत मी सागरी इतिहास शिकवते, आणि यंदा एम.ए.ला एकही विद्यार्थी आला नाही तर विषयच बंद होणार होता. "किनाऱ्यावर मासा गळाला लागेना, म्हणून मॅडम कोरड्या रानात जाळं टाकणार!" विभागप्रमुख म्हणाले. म्हटलं, बघाच तुम्ही!

नवीन जालन्यात बियाण्यांच्या पाट्या वाचत घनसावंगीच्या जीपमध्ये कशीबशी शिरले. शेजारच्या मावशींच्या पिशवीतली कोंबडी वाटभर माझी ओढणी टोचत होती.

कॉलेजात अशी रंगले की विचारू नका! इकडचं कापड गलबतांतून कुठल्या कुठे कसं गेलं, ताज्या फळांवाचून खलाशांच्या हिरड्या कशा सुजायच्या, सगळं सांगितलं. मागच्या बाकावरची, नुकतीच बी.ए. झालेली प्रज्ञा ताडकन उठली. "मॅडम, मला हेच शिकायचंय. पण पप्पांना तुम्हीच विचारा." मला तर नाचावंसंच वाटलं.

तिचे वडील भीमराव मोसंबीचे बागायतदार. त्यांनी आधी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट पोळ्या) वाढले, मग विचारलं, "इथं समुद्र न्हाई. मंग हे शिकून पोरीनं काय करायचं?"

"नोकरीची हमी देत नाही, खोटं कशाला बोलू? पण जुन्या बंदरांचे कागद पडून आहेत आणि वाचणारे संपत चाललेत."

"चला, आधी आमचं पाणी तर बघा."

गोदावरीत चप्पू (थर्मोकोलचा तराफा) तयार होता. वल्हं प्रज्ञाच्या हातात. तराफा जरा कलला आणि मी किंचाळून भीमरावांचा दंडच धरला.

"जहाजं शिकवता अन् चप्पूला घाबरून राह्यल्या?"

"म्हणून तर तुमची न घाबरणारी पोरगी हवीय, भाऊ!"

ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, पण हो म्हणाले नाहीत. रात्रभर मला झोप नाही.

सकाळी त्यांनी जीपच्या टपावर मोसंबीच्या दोन गोण्या चढवल्या. "एक तुमच्या घरी."

"आणि दुसरी?"

"पोरीच्या होस्टेलवर उतरवा. ती आठवड्यानं येऊन राह्यली. समुद्राच्या माणसांच्या हिरड्या सुजत्यात, तुम्हीच कॉलेजात म्हणल्त्या न, पोरीनं सांगितलं!"

अहो, गाडीत मी एकटीच खुळ्यासारखी हसत होते! समुद्र किनाऱ्यावरच्यांचाच, असं मी इतकी वर्षं कशाला धरून बसले होते?

"काय आलं जाळ्यात?" विभागप्रमुखांनी विचारलं. मी त्यांच्या हातात माझ्या गोणीतली एक मोसंबी ठेवली.

"सोला सर. नव्या विद्यार्थिनीच्या बागेतली आहे."