चंद्रहासकाकांचा ससा

आमचे चंद्रहासकाका ऑकलंडला आले ते इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला, आणि होऊन बसले सशाचे ड्रायव्हर. शर्यतीत ग्रेहाउंड कुत्र्यांच्या पुढे रुळावरून नकली ससा पळतो ना, तो ट्रॅकवरच्या उंच खोलीत बसून, दांडा पुढे-मागे करत चालवायचा, ही त्यांची नोकरी. "फार जवळ ठेवला तर झडप घालतात, फार लांब नेला तर नाद सोडतात," हे काका जेवताना वरणाच्या वाटीभोवती लिंबाची फोड फिरवत समजावतात. दमयंतीकाकू म्हणते, "अहो, पिळा ते लिंबू! पळवताय काय?"

काकांच्या वर्क परमिटवर या शर्यती घेणाऱ्या क्लबचंच नाव होतं. नोकरी गेली की परमिट गेलं, आणि रेसिडेन्सीचा अर्जही. काकू या काळजीतच झोपायची आणि तीच घेऊन उठायची.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा. पाऊस नाही, ट्रॅक तव्यासारखा. शर्यती संपल्यावर सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत किराणा घ्यायला जायचं म्हणून काकू आणि मी काकांबरोबर वरच बसलो होतो. तिसऱ्या शर्यतीत पहिल्या वळणावर एक कुत्रा कोसळला. पाचवीत त्याच जागी एक काळी कुत्री. तिचा पुढचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. काकांना थांबताही येईना. ससा थांबला तर मागचे सगळे एकमेकांवर आदळले असते. त्यांनी पूर्ण फेरी मारली. तोवर खाली कुत्रीभोवती ताडपत्री धरली होती आणि जनावरांचा डॉक्टर सुई घेऊन आत शिरला होता. ताडपत्री काढली तेव्हा तिथे काही नव्हतं.

काकांनी वॉकीटॉकी उचलला. "नील, वळणावर माती दगड झालीये. पाणी मार."

नील म्हणजे क्लबचा गोरा मॅनेजर. सगळं नाकातून बोलतो. "शील बी राइट, चेन्ड्रा! काही होत नाही! पुढचे बॉक्समध्ये गेलेत, मेट. यू रिडी?"

सहाव्या शर्यतीचे आठ कुत्रे सुरुवातीच्या रेषेवरच्या बंद बॉक्समध्ये किंचाळत होते. सशाचा आवाज यायची वाट बघत.

"अहो, चालवा ना," काकू कुजबुजली. "परमिट..."

"अगं, ते माझ्यामागे पळतात," काका म्हणाले. "मी नेईन तिथे."

"चेन्ड्रा? चेन्ड्रा!"

काकांनी दांड्यावरचा हात काढला आणि चक्क मांडीखाली दाबून ठेवला. दुसऱ्या हाताने बटण दाबून म्हणाले, "पाणी मारल्याशिवाय मी ससा हलवणार नाही."

हे बॉक्सपाशी उभ्या असलेल्या कुत्रेवाल्यांनीही तिथल्या वॉकीटॉकीवर ऐकलं. मॉरीन नावाची एक जाडजूड आजी ओरडली, "मग माझी कुत्री बाहेर काढा!" आणि स्वतःच दार उघडायला लागली. तिचं बघून आणखी एकजण पुढे झाला. शर्यत खोळंबली.

लोखंडी जिन्यावर नीलचे बूट वाजले. काकूने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. नील आत आला, लालबुंद. ओरडेल असं वाटलं, पण अगदी हळू बोलला. "किल्ल्या दे. सोमवारी येऊ नकोस. मीच चालवतो."

काकांनी किल्ल्या दिल्या. "पण पाणी?"

"मारतोय, फॉर गॉड्स सेक!"

आम्ही खाली उतरलो तेव्हा दोघेजण नळी ओढत वळणाकडे निघाले होते. पार्किंगमध्ये काकू गाडीत बसली, काका बसेनात.

"चला हो. आता इथे काय राहिलंय आपलं?"

"थांब जरा."

बऱ्याच वेळाने भोंग्यातून निवेदकाचा आवाज फुटला. ससा सुटला होता. काका डोळे मिटून, गाडीच्या टपाला धरून उभे. काकूही उतरून त्यांच्याजवळ आली. निवेदक न अडखळता बोलत राहिला: वळण, मागची सरळ रेघ, पुन्हा वळण. आठही नावं शेवटपर्यंत आली.

"पोचले," काका म्हणाले.

काकूने डोळे पुसले. "आणि आपलं काय हो?"

काकांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.